बरणीखालची मेणबत्ती

एकोणीसशे त्रेसष्ट साली मी चौथीत होते. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून ढवळे गुरुजींनी पेल्याखाली मेणबत्ती विझवायचा प्रयोग आठ दिवस आमच्याकडून बसवून घेतला. मनात दहा आकडे मोजायचे आणि सगळ्यांनी ओरडायचं, "विझली! प्राणवायू संपला!"

साहेबांवर छाप पडावी म्हणून गुरुजींनी ऐनवेळी पेल्याऐवजी कपाटातली मोठी काचेची बरणी काढली आणि जळत्या मेणबत्तीवर पालथी घातली. मोठ्या बरणीत हवाही जास्त, हे ते विसरले. मग आमच्या वर्गातल्या सगुणाला त्यांनी टेबलाशी उभं केलं. "साहेब, हिला जन्मापासून दिसत नाही. विज्ञान काय कळणार? पटावरून नाव कमी करावं म्हणतो."

तेवढ्यात आमचे दहा आकडे झाले. "विझली! प्राणवायू संपला!" चाळीस पोरं ओरडली. ज्योत चांगली बोटभर उंच होती. मला दिसत होती, तरी मीही ओरडले.

बरणीवर हात ठेवून सगुणा म्हणाली, "गुरुजी, कुठं विझलीय? बरणी तापतच चाललीय."

साहेब हसले. "नाव राहू द्या, गुरुजी. वर्गात एकीला तरी दिसतंय."

पुढे गुरुजींना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. साहेब बढती घेऊन पुण्याला गेले. सगुणा बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तपासणी आली की मीही मुलांकडून उत्तरं घोकून घ्यायचे.