दोन बोटं जास्त

“सर, आज हात आखडता घेतलात,” सिस्टर हळूच म्हणाल्या.

हातमोजे घातलेले हात छातीशी धरून सर्जन भिंतीवरच्या फोनकडे बघत उभा होता. जठराचा कापलेला तुकडा लॅबमध्ये गेला होता. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाई त्याच्या कडा तपासून सांगणार होत्या, कॅन्सर सगळा निघाला की कडेला उरलाय. तोवर पोट उघडं ठेवून थांबायचं.

सिस्टरांना बोलायला जागा होती. गाठीच्या भोवतालचा चांगला दिसणारा भागही ऐसपैस कापायचा, ही या सर्जनची ख्याती. ‘अजून दोन बोटं’ हे त्याचं पालुपद. हाताखालचे डॉक्टर पाठीमागे त्याला ‘दोनबोटे’ म्हणायचे, आडनाव असल्यासारखं. त्याने कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. पण आज टेबलावर कॅन्टीनचे मामा होते.

अख्खं हॉस्पिटल मामांच्या हातचं खायचं. सर्जनचं त्यांच्याशी नातं मात्र भांडणाचं, तेही चहावरून. सर्जनला मधुमेह. घरी बायकोचा पहारा. म्हणून तो कॅन्टीनच्या खिडकीशी येऊन दबक्या आवाजात म्हणायचा, “मामा, अर्धा चमचा.” मामा इकडेतिकडे बघत, चोराचा चेहरा करून, त्याच्या कपात चमचा खळखळ ढवळायचे. “अर्धा कसला, पाव घातलाय. कंजूष आहात नुसते,” सर्जन पहिल्याच घोटाला कुरकुरायचा. तरी रोज यायचा. साखर खाऊनही आपली शुगर कशी ताब्यात आहे, हे चारचौघांत मिरवायचाही.

आदल्या दिवशी राउंडच्या वेळी मामांनी त्याचा हात धरला होता. “साहेब, वाटीभर तरी पोट ठेवा माझं. सगळं काढलंत तर मी धड जेवणार कसा? सगळा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात गेला. आता कुठे निवांत बसून खाईन म्हणत होतो.” सर्जनने नुसती मान हलवली. आणि आज त्याने वरची कड गाठीच्या अगदी लगत कापली. मामांसाठी वाटीभर राखलं.

फोन वाजला. सिस्टरांनी स्पीकर लावला.

“वरच्या कडेला कॅन्सरच्या पेशी आहेत,” पॅथॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. “तुमची दोन बोटं कुठे गेली आज?”

सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. सर्जनने राखलेलं वाटीभर जठरही काढलं. नवी कड लॅबला गेली, ती स्वच्छ निघाली. मग त्याने अन्ननलिका थेट आतड्याला जोडली आणि टाके घातले. मामा वाचले होते. तरी मामांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याला कळेना.

मामा बोलायच्या स्थितीत आले, तसा तो त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसला.

“किती ठेवलंत?” मामांनी विचारलं.

“काहीच नाही. आधी ठेवलं होतं वाटीभर. पण आजार तिथवर गेला होता, म्हणून तेही काढलं. आता कड स्वच्छ आहे. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. चव कुठे जात नाही, ती जिभेवर असते.”

मामांचे डोळे भरून आले. ते सर्जनला बघवेना, पण तो उठला नाही.

“आधी ठेवलंत कशाला?” मामा म्हणाले. “तुमची तर दोन बोटं जास्तच असतात ना?”

“तुम्ही मागितलंत, मामा. मला नाही म्हणवेना.”

मामांनी मान त्याच्याकडे वळवली. अंगात त्राण नव्हतं, तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

“मागितलं म्हणून द्यायचं असतं होय, साहेब? इतकी वर्षं तुमच्या कपात मी रिकामा चमचा ढवळतोय.”