साफ आवाज

नोमाननं रस्त्याचा गलका आत येऊ नये म्हणून दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मोबाईल बापाच्या हातात दिला. इस्माईलच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या माणसासारखी लगबग होती. वसमतच्या बसस्टँडजवळच्या ह्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात त्यानं स्वतःच घरातली शेवटची कॅसेट पोराला आणून दिली होती. फीत पार कुजत आली होती. "जशी हाय तशी मोबाईलात उतरव," एवढंच तो म्हणाला होता.

ती कॅसेट म्हणजे पत्र होतं. आता सांगून कोणाला पटायचं नाही, पण त्या काळी सौदीला गेलेल्या माणसाला घरचे लोक पत्र लिहीत बसत नसत, टेप करून पाठवत. इस्माईलनं पहिल्या सुट्टीत दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली होती. आज चंद्रावर यान उतरलं तरी कोणी हातातला चहा खाली ठेवत नाही! टेप चटईवर ठेवायचा, लाल बटण दाबायचं आणि इस्माईलच्या बापानं, म्हणजे नोमानच्या दादांनी, घसा खाकरून बोलायला सुरुवात करायची. सौदीला जाणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून कॅसेट जायची. इस्माईल ती ऐकायचा, तिच्यावरच आपला जवाब भरायचा आणि परत पाठवायचा. नवं बोललं की जुनं पुसलं जायचं.

त्याच सुट्टीत त्याचं लग्न झालं होतं, पण त्याच्या बायकोला, कमरजहाँला, टेपवर बोलायची सोय नव्हती. सासऱ्याच्या देखत नवऱ्याशी बोलायचं, आणि तेही मशीनमध्ये? तोबा तोबा. इस्माईल सौदीला परत निघाला तेव्हा ती दाराआडून हळूच म्हणाली होती, "मी पडद्यामागं बसंन. बांगड्या वाजवंन. तेवढ्यावर समजून घ्या."

बाई शब्दाला जागली. दादा म्हणायचे, घरी सगळे खैरियतनं हैत, की मागून काच किणकिणायची. म्हणजे तीही खैरियतनं. तिकडं इस्माईल टेपला कान चिकटवून बसायचा. खोलीतले सोबती म्हणायचे, बापावर किती जीव ह्याचा! तो काय सांगणार, कपाळ?

एकाच कॅसेटवर त्याला जवाब भरवला नाही. तिच्यात दादा म्हणाले होते, "इस्माईल, पोरगं झालं." आणि मागं बांगड्या अशा वाजल्या, अशा वाजल्या, की दादाच बोलायचे थांबले. सासऱ्याला सगळं ठाऊक होतं म्हणायचं. ते पोरगं म्हणजे नोमान. तो रांगत होता तेव्हाच कमरजहाँ तापानं गेली. मागं एक फोटो राहिला, लग्नातला, त्यातही मान खाली. इस्माईल कायमचा गावी आला, तेव्हापासून ती कॅसेट लावून ऐकत राहिला. बांगड्यांचं मात्र पोराला कधी बोलला नाही. बापानं लेकराला असलं काही सांगायचं असतं का?

मोबाईलात दादा बोलू लागले. शेजारी बसून बोलावं इतकं स्वच्छ. "घरी सगळे खैरियतनं हैत," दादा म्हणाले. इस्माईलनं मान पुढं केली. मागं काहीच नव्हतं. त्यानं मोबाईल कानावर दाबून धरला. "इस्माईल, पोरगं झालं," दादा म्हणाले आणि थांबले. थांबलेलेच राहिले. कुठं पाखरू फडफडलं नाही. मग दादा बारीकसं हसले आणि पेरणीचं सांगू लागले.

"इथं दादा उगंच थांबले, काहून कोणास ठाऊक," नोमान म्हणाला. तो भारी खुशीत होता. बातम्यांत रोज ज्याचं गाणं चाललंय ते एआय त्यानं मोबाईलात घेतलं होतं. त्यानं म्हणे माणसाचं बोलणं तेवढं ठेवलं आणि बाकीचं सगळं चाळून फेकलं. कचराच लई होता, फितीची खरखर, भांड्यांचा का कशाचा तरी खणखणाट.

"पहिलेवाली हाय का?" इस्माईलनं विचारलं. "साफ करायच्या आधीची?"

नोमान म्हणाला, ती खरखर काहून ठेवायची, काढून टाकली, मोबाईलात जागा कुठं हाय. आणि कॅसेटचं तर विचारूच नका. शेवटाला येता येता फीत मशीनमध्ये गुंडाळली, हात लावला की तुकडे पडत होते. काल झाडलोटीत तीही गेली.

इस्माईल स्टुलावर बसला. पोराला गदागदा हलवावं, ओरडावं, असं त्याला वाटलं. पण हलवून काय हाती लागणार होतं? पोरगं बिचारं शाबासकीसाठी समोर उभं होतं. लई साफ आलाय आवाज, असं इस्माईल कसंबसं म्हणाला.

नोमान दुसरं स्टूल ओढून बापाजवळ बसला.

"अब्बा, एक बातमी पाहिली मी. आता जरासा जरी आवाज असला ना, तरी त्यावरून गेलेलं माणूस बोलतं करता येतं." त्यानं मोबाईलकडं बोट केलं. "मला अम्मीचा आवाज आठवतच न्हाई. ह्या कॅसेटीत ती कुठं होती का?"

इस्माईलनं हातातल्या मोबाईलकडं पाहिलं. दादांची पेरणी संपली होती.

"न्हाई रे लेकरा," तो म्हणाला. "ती कधी बोललीच न्हाई."