नऊ सेकंद

वहिनी दुकानात शिरल्या तशी सगळी मंडळी उठून उभी राहिली. टेलरमास्तरांनी टेबलावरचं अर्धवट बेतलेलं कापड गुंडाळून बाजूला सारलं आणि दुकानातली पाठ असलेली एकुलती एक खुर्ची पुढे केली.

"बसा वहिनी. जागा जरा अडचणीचीच आहे."

दादांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. दादा अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. दर वर्षी त्या तारखेला, दुपारी चार वाजता, मास्तर शटर अर्धं खाली ओढत आणि पाच-सहा चाहते दादांच्या एका गाजलेल्या कार्यक्रमाची कॅसेट ऐकत बसत. दादांच्या बायकोला बोलवायचा धीर आजवर कुणाला झाला नव्हता. परवा दातांच्या डॉक्टरांकडे शाळेतल्या बाईंची त्यांच्याशी गाठ पडली. बाईंनी भीतभीत विचारलं, आणि त्या चक्क आल्या.

कॅसेट सुरू झाली. निवृत्त बसड्रायव्हर शिलाई मशिनच्या स्टुलावर बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर आपोआप नाचायला लागली. तिसरी धून चढत चढत अगदी टोकाला पोचली आणि तिथेच तुटली. कॅसेट फिरत होती, आवाज काही नव्हता. मग खालचा एकच सूर आला, इतका हलका की ड्रायव्हरांनी बोटं थांबवली.

बाईंनी टेप बंद केला.

"हेच ते नऊ सेकंद, वहिनी. आम्ही मोजलेत. मी मुलांना नेहमी सांगते, वाजवणारे पुष्कळ असतात, असं थांबणारा एखादाच." मग त्या टेलरमास्तरांकडे वळल्या. "मास्तर, तुमचं सांगा ना."

मास्तर गळ्यातली मेजरटेप बोटाला गुंडाळत राहिले.

"मी त्या दिवशी हॉलमध्ये होतो," ते म्हणाले. "थोरल्या भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. दोन घरांमधल्या एका भिंतीवरून. दादा थांबले आणि मला एकदम त्याची आठवण आली. का, ते विचारू नका. कार्यक्रम संपला तसा मी माझ्या घरी न जाता त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, 'जेवलास का?' बस्स, एवढंच. पुढे चार वर्षं दर रविवारी एकत्र जेवलो आम्ही. मग तो गेला."

बाईंनी हळूच विचारलं, "वहिनी, दादा तुमच्याशी कधी बोलले का? त्या क्षणी त्यांना नेमकं काय झालं होतं?"

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. त्या दिवशी त्या पडद्याआड उभ्या होत्या, पाण्याची बाटली घेऊन. काहीतरी चांगलंसं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण नवऱ्याबद्दल खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"शिंक येत होती त्यांना," त्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ड्रायव्हर उगाचच टेपकडे बघत बसले.

"गळ्यात ते एवढं धूड, दोन्ही हात अडकलेले. रुमाल काढणार कसा? नाक आकसून वर दिव्याकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, आता गेली अब्रू."

मास्तरांची मान खाली होती. बोटावरची टेप त्यांनी सावकाश उलगडली आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "मग? आली का?"

"तेव्हा नाही. घरी पोचल्यावर जिन्यात आली. अशी आली की वरची शेजारीण, काय कोसळलं म्हणून धावत बाहेर आली."

मास्तरांचे खांदे हलायला लागले. बाई घाबरून उठल्या, पण मास्तर हसत होते. हसता हसता त्यांना धाप लागली.

"शिंक आडवी आली की काम फिसकटतं म्हणतात," ते कसेबसे म्हणाले. "माझं तर जमलं."

"लोकांच्या कामात माशी शिंकते, मास्तर," ड्रायव्हर म्हणाले. "तुमचं काम दादा शिंकले नाहीत म्हणून झालं."

मग कुणालाच आवरेना. बाईंनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

कॅसेट मागे घेतली. या वेळी धून तुटली तशी सगळी पुढे वाकली. ड्रायव्हरांनी तर स्वतःचंच नाक चिमटीत धरलं होतं. तो खालचा सूर आला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"तरीच," बाई म्हणाल्या. "केवढा जपून टाकलाय."

"आणखी सांगा वहिनी," ड्रायव्हर स्टूल ओढत जवळ आले. वहिनींनी सांगितलं. कार्यक्रमाच्या दिवशी दादांना दोन सारखे मोजे कधी म्हणून सापडत नसत. सराव करताना चुकले की आधी उठून खिडकी लावायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. असा पाऊण तास वहिनी बोलत होत्या आणि कॅसेटची दुसरी बाजू तशीच राहिली.

निघताना मास्तर त्यांच्यासाठी शटर वर करायला पुढे झाले. तिथे ते जरा घुटमळले.

"वहिनी, आम्ही एवढे हसलो. वाईट तर नाही ना वाटलं?"

वहिनींनी पर्स खांद्याला लावली.

"अकरा वर्षं त्यांचं नाव निघालं की लोक माझ्यासमोर आवाज खाली आणतात," त्या म्हणाल्या. "माझी मुलंसुद्धा. मलाही वाटायला लागलं होतं, की आमच्या घरी कुणीतरी फार गंभीर माणूस राहून गेला."