एका माणसाचं घर

चष्मेवाल्यांनी भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि ओलीचा डाग कुठे दिसतो का ते पाहिलं. भिंत कोरडी ठणठणीत होती. आत बाईंनी सगळे नळ सोडून बघितले. पाणी धो धो आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात खोट म्हणून सापडत नव्हती.

दलाल दारात उभा होता. या परक्या देशात आल्यापासून तोच त्यांना घरं दाखवत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो पुन्हा पुन्हा सांगत होता, की मागितलं होतं तस्संच मिळालंय. शांत गल्ली, जवळ बाजार, एका माणसाला पुरेल एवढंच घर.

एका माणसाला, कारण बेतच तसा होता. चष्म्यांचं दुकान जावयाच्या हवाली झालं होतं, बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, आणि नवराबायकोत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. भांडण म्हणाल तर एकही नाही. लेक घरात होती तोवर "बाबांना विचार, जेवणार का" एवढं तरी तिच्यामार्फत चालायचं. ती सासरी गेली आणि तेही टपाल बंद पडलं. वेगळं व्हावं, तर या वयात साऱ्या नातेवाइकांना तोंड देत बसा. त्यापेक्षा परदेशात दुसरं घर घ्यावं, सहा महिने एकानं तिथं राहावं, सहा महिने दुसऱ्यानं, अशी तोड बाईंनी काढली. चष्मेवाल्यांनी ती तिथल्या तिथं मान्य केली. कित्येक वर्षांत त्यांचं कशावर इतकं चटकन एकमत झालं नव्हतं. कोणी नावं ठेवायचा प्रश्नच नव्हता. उलट शेजारीपाजारी जळून खाक झाले.

पण घर घ्यायचं म्हटल्यावर न बोलून चालणार कसं? दिवसा घरं बघायची आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत त्यांचा काथ्याकूट करायचा, असं सुरू झालं. पहिल्या घराचा जिना फार उभा होता. तुझ्या गुडघ्यांना तो झेपायचा नाही, असं सांगून चष्मेवाल्यांनी ते मोडीत काढलं. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पुढचं घर बाईंनी नाकारलं. तिथं उजेड नव्हता, आणि यांना पुस्तक नाकाशी धरून वाचायची खोड. एका घरात तर संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडत होतं. त्याची आठवण काढून बाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. चष्मेवाल्यांनी पाणी आणून दिलं आणि तेही हसले. आपल्याला अजून असं हसता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि आता हे घर. दलाल म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक वाटेत आहे, काय ते लवकर सांगा. हो म्हटलं की काम संपलं. मग सह्या, मग विमान, मग सहा-सहा महिने. चष्मेवाल्यांनी उगाच कपाटांची दारं उघडून पाहिली. एकही करकरलं नाही.

"अहो, जरा इकडे या," बाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली.

ते गेले. बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मेवाल्यांना बोटानं शेजारची जागा दाखवली. ते तिथं जाऊन उभे राहिले. खांद्याला खांदा लागला. दोघांपैकी कोणीच तो काढून घेतला नाही.

"बघा," ओट्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, "दोघं उभे राहिलो तर वळायलासुद्धा जागा नाही."

इथं दोघं एका वेळी कधी उभेच राहणार नव्हते. हे चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. बाहेर जाऊन त्यांनी दलालाला सांगितलं, की स्वयंपाकघर लहान पडतंय, आणखी मोठी घरं दाखवा.

दलाल गोंधळला. घर एकाच माणसासाठी हवं होतं ना, असं त्यानं विचारलं.

"ते आमचं सांगताना चुकलं," चष्मेवाले म्हणाले.