पहिलं पाणी

धरणाचा भोंगा वाजून गेला, तरी तिने सगळे दरवाजे उघडले नाहीत. एकच दरवाजा वीतभर उचलला आणि खाली पात्रात घोटाभर पाणी जाऊ दिलं. तिचे वडील याच गेटवर नोकरीला होते, तेव्हाची ही रीत. आता ते ठार बहिरे झाले होते आणि या वेळी पात्रातल्या खडकावर गळ टाकून बसलेले असणार. त्यांना भोंगा ऐकू जाणार नव्हता आणि खिशातला फोनही. पायाला पाणी लागलं, तरच उठतील.

"धरण काठोकाठ आलंय," साहेब म्हणाले. "भोंगा दिला, आपलं काम झालं. एका माणसासाठी किती ताटकळायचं?"

तो माणूस आपला बाप नसता तर आपण थांबलो असतो का, हे तिचं तिलाच धड सांगता येईना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडील समोरच्या साहेबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते.

"माझी एक चप्पल वाहून गेली, तुझ्या कृपेने."

डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "जाऊ दे ती चप्पल, बाबा. आधी वर या."

त्यांना ते ऐकू येणार नव्हतंच. ते आपल्याच तारेत बोलत राहिले.

"वर यायला जरा वेळ लागला. भोंगा ऐकलेली सात माणसं खाली खुशाल धुणं धूत बसली होती. रोज चाचणीचा वाजतो, तसाच वाटला म्हणे. एकेकाला हाकलून काठावर आणलंय. सोड आता."