पायातले बूट

दहनाआधी सुमिएने नवऱ्याच्या, तोकुजींच्या, शवपेटीत शेवंतीची फुलं ठेवली आणि पायाशी त्यांचे पांढरे गमबूट ठेवले. हेच बूट घालून त्यांनी उभा जन्म गावाच्या भट्टीवर कचरा जाळला होता, आणि खोकून खोकून परवा ते गेले.

"नाहीतर तिकडेही बूट कुठायत म्हणून ओरडतील," ती म्हणाली.

स्मशानातल्या माणसाने कमरेत वाकून बूट हलकेच बाहेर काढले.

"माफ करा हं, काकू. हे प्लास्टिक आहे, यात क्लोरीन असतं. जाळलं की विषारी धूर होतो. आमची माणसं इथेच उभी असतात ना!"

सुमिएने मान हलवली. बरोबरच होतं त्याचं. तिला रडूही येत नव्हतं.

"मग यांचं करू काय?"

"कचऱ्यात टाका की."

"कुठल्या? जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

"जळणाऱ्या. बूट त्यातच घेतात. उद्या गाडी येईलच."

तिच्या मुलाने, कात्सुयाने, बूट काखेत मारले.



"गाडीची वाट कशाला बघतेस, आई? उद्या कचऱ्याच्या भट्टीवर माझीच पाळी आहे."