नवरात्राचं डिपॉझिट

नवी गाडी दारात उभी राहिली आणि सासूबाई कुंकवाचं ताट घेऊन धावल्या. चाळिशीकडे झुकलेली योगिनी आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून बघतच राहिली. तिचा नवरा शुभंकर सकाळी फाफडा-जलेबी आणतो म्हणून बाहेर पडला होता. फाफडा-जलेबी त्याने आणली होती, पण स्टिअरिंगमागे बसून.

"कशी आहे? दसऱ्याचा मुहूर्त साधला बघ," तो म्हणाला.

"पण पैसे कुठून आणलेत?"

"झाली व्यवस्था. आजच्या दिवशी हिशेब नको काढूस."

योगिनीला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. लग्न झाल्यापासून ती बडोद्यात प्रतापनगर ते मांडवी स्कूटरच्या मागच्या सीटवरच हिंडली होती, मांडीवर चणिया-चोळीचे गठ्ठे घेऊन. शुभंकर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होता आणि बोनस नुकताच झाला होता. बाकीचं कर्ज काढलं असेल, असं ती धरून चालली. सणाच्या दिवशी नवऱ्याची झडती कोण घेतं?

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. नवरात्रात गरब्यासाठी चणिया-चोळी भाड्याने द्यायची, हा तिचा धंदा. पहिल्या दोन वर्षांत तिने आलेला सगळा पैसा एकाच पर्समध्ये टाकला आणि दिवाळीत तोंडावर आपटली. मग मोहल्ल्यातल्या बायकांसाठी निरुपमाबाई नावाच्या निवृत्त बँकवाल्या हिशेबाचे वर्ग घ्यायच्या, तिथे ती जाऊन बसली. "हातात आलेला प्रत्येक रुपया आपला नसतो गं," बाई सांगायच्या. योगिनीने तेव्हापासून शिस्तच लावून घेतली. भाडं फोनवरून खात्यात घ्यायचं आणि मुलींचं डिपॉझिट रोख, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात. कपडे परत आले की डिपॉझिट परत. डब्याला मध्ये हात लावायचा नाही. हे तिने शुभंकरलाही जेवताना चारचारदा ऐकवलं होतं. तो हं-हं करत फोन बघायचा.

गाडीची पूजा चालू असतानाच हॉस्टेलमधली एक मुलगी खांद्यावर सॅक आणि हातात कपड्यांची पिशवी घेऊन आली.

"दीदी, दुकान आजे बंद छे ने? पण मारी बपोरनी ट्रेन छे, दाहोद जवानुं छे. डिपॉझिट आपी दो ने, प्लीज."

कपडे परत घ्यायचे ते खरं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून. पण पोरगी दुपारच्या गाडीने सणाला घरी निघाली होती. योगिनीने चणिया उलगडून पाहिला, त्यावरच्या भरतकामातला एक आरसा तुटला होता, तो तिने पोटात घातला. "बेस बेटा, आवी," म्हणत तिला बसवून ती आत गेली आणि तिने कपाटातून डबा काढला.

डबा रिकामा होता.

चोर शिरला, हेच तिच्या मनात आधी आलं. तिने कपाट पालथं घातलं. तेवढ्यात बाहेर चाकाखाली लिंबू चिरडल्याचा आवाज झाला, सगळे हसले, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग तिला कळलं. ती तशीच पलंगावर बसली.

त्या मुलीला तिने डिपॉझिटचे दोन हजार फोनवरून पाठवले. खात्यात होते ते भाड्याचे पैसे, आणि ते मांडवीच्या कापडवाल्या शेठला आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांना याच आठवड्यात द्यायचे होते. एका मुलीचं भागलं. उद्या शंभरेक मुली दारात उभ्या राहणार होत्या. त्यांना परत पाठवलं तर संध्याकाळपर्यंत बडोद्यातल्या सगळ्या हॉस्टेलांत तिचं नाव खराब झालं असतं, आणि पुढच्या नवरात्रात या पायरीवर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं.

तिने शुभंकरला आत बोलावलं. तिला त्याचा राग आलाच नव्हता, आला होता तो स्वतःचा. नऊ दिवस डबा भरत होता तेव्हा सासूबाई तिला "घरची लक्ष्मी" म्हणत होत्या, आयता चहा हातात देत होत्या. तिला ते गोड वाटलं होतं. हे पैसे आपले नाहीत, असं तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. या माणसाला बिचाऱ्याला काय कळणार?

"अहो, डब्यातले पैसे तुम्ही घेतलेत?"

"हो. डाउन पेमेंटला दिले. बाकीचे हप्ते जातील हळूहळू तुझ्या दुकानातून."

"ते डिपॉझिटचे होते हो. परत द्यायचे असतात ते, उद्याच. तुमची चूक नाही. मीच नीट समजावलं नाही. शोरूमवाल्यांना फोन करून बघू या का? सांगू या की गैरसमज झाला."

शुभंकरने दार लोटून घेतलं. तिच्या शेजारी बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. लहान मुलाची समजूत घालावी तसा हळू आवाजात बोलला.

"मला काय दूधखुळा समजतेस? माहीत होतं मला. म्हणून तर आजच घेतली. उद्या तू सगळे वाटून टाकले असतेस."